आगरकरांचा निसर्गवाद

कऱ्हाडजवळील टेंभू येथे जन्मलेल्या गोपाळ गणेश आगरकरांची (१८५६-१८९५) दृष्टी मिल व स्पेन्सर यांच्या वाचनातून घडली. ‘वाक्यमीमांसा’ हा त्यांचा व्याकरणग्रंथ आणि ‘सुधारक’ हे पत्र, दोन्ही १८८८ सालची; हा केवळ योगायोग नव्हे. वाक्य असो वा रूढी, अवयव सुटे करून कार्यकारणभाव शोधणे हीच त्यांची रीत. देवकल्पनेचा उगमही त्यांनी निसर्गाबाहेर नव्हे, आदिमानवाच्या भयात व अज्ञानात शोधला. ईश्वराचे नास्तित्व मात्र त्यांनी सिद्ध मानले नाही. पुरावा संपतो तेथे ते थांबले. हा संयम विज्ञानाचाच. स्पेन्सरच्या समाजशास्त्राबाबत तो तितकासा आढळत नाही. पुण्यात त्यांची जिवंतपणीच प्रेतयात्रा निघाली. दम्याने जर्जर होऊनही लेखणी थांबली नाही. फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य असतानाच १७ जून १८९५ रोजी ते निवर्तले.