दिवसा पोलीस, रात्री कम्युनिस्ट : अशा तेलंगणात विनोबा पवनारहून चालत गेले होते

विनोबा म्हटलं की आपल्याला गीताई आठवते, भूदान आठवतं. पण भूदान सुरू झालं ते एका धुमसत्या युद्धाच्या मधोमध, हे फारसं कुणी सांगत नाही.

१७ सप्टेंबर १९४८. भारतीय लष्कराने पाच दिवसांत हैदराबाद संस्थान घेतलं. कासिम रझवीचे रझाकार संपले, निझाम शरण आला. आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन साजरा करतो तो याच दिवशी. पण राज्य घेणं सोपं होतं, पुढचं अवघड होतं.

जनरल जे. एन. चौधरी लष्करी गव्हर्नर झाले. त्या सुरुवातीच्या काळात मराठवाड्यासह अनेक भागांत मुसलमानांवर सूड उगवला गेला. केंद्रानेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार सांगितला. तो अहवाल कित्येक वर्षं दाबून ठेवला होता.

दुसरं दुखणं तेलंगणातलं. तिथे निझामाच्या काळातच वेठबिगारीविरुद्ध कम्युनिस्टांनी बंदूक उचलली होती, जमीनदारांना पळवून लावून जमिनी वाटल्या होत्या. लष्कर आलं आणि त्याच्यामागून पळालेले देशमुखही परत आले. आता कुळांना प्रश्न पडला, हे सैन्य नक्की कुणासाठी आलंय? जंगलात लढाई सुरूच राहिली. दिवसा पोलीस गावात येऊन माहिती काढायचे, रात्री कम्युनिस्ट येऊन खबऱ्यांना शोधायचे. मरायचा तो गावकरीच.

तिकडे वर्ध्याजवळ पवनारला, धाम नदीच्या काठी, विनोबा आश्रमाचा कारभार पैशाशिवाय चालवायचा प्रयोग करत होते. जन्म १८९५ चा, कोकणातल्या गागोद्याचा. १९२१ ला गांधीजींनी त्यांना वर्ध्याला पाठवलं, १९४० ला पहिला वैयक्तिक सत्याग्रही म्हणून निवडलं. फाळणीनंतर मेवातच्या उखडलेल्या मेव मुसलमानांना परत वसवण्याच्या कामातही ते होते. म्हणजे विस्कटलेल्या गावात शिरायची सवय होती.

मार्च १९५१ मध्ये ते हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनाला निघाले, चालत. यवतमाळ, आदिलाबाद करत साधारण ३०० मैल. संमेलन संपल्यावर रामनवमीला हैदराबादच्या तुरुंगात जाऊन आधी कम्युनिस्ट कैद्यांना भेटले. ज्यांच्याशी सरकार लढतंय त्यांचं ऐकल्याशिवाय पुढे जायचं नाही, हा त्यांचा हिशेब असावा.

१८ एप्रिलला नलगोंडा जिल्ह्यातलं पोचमपल्ली. दलित वस्तीतल्या लोकांनी ८० एकर जमीन मागितली. विनोबांकडे कुठली जमीन? सरकारकडे अर्ज करू म्हटलं तर कधी मिळणार? त्यांनी तिथल्याच जमलेल्या माणसांना विचारलं. वेदिरे रामचंद्र रेड्डी उभे राहिले आणि १०० एकर द्यायला तयार झाले. ५१ दिवसांच्या त्या यात्रेत सुमारे १२ हजार एकर जमीन मिळाली.

यामुळे बंड थांबलं का? एवढं सरळ नाही. तोवर कम्युनिस्ट पक्षातच वाद पेटला होता, लष्कराचा दाब होता, जहागिऱ्या रद्द झाल्या होत्या, १९५० चा कूळ कायदा आला होता. ऑक्टोबर १९५१ मध्ये पक्षाने लढा मागे घेतला. मग १९५२ च्या निवडणुकीत रावी नारायण रेड्डी तुरुंगाच्या नाही तर लोकसभेच्या दारात उभे होते, नलगोंड्यातून पंडित नेहरूंपेक्षा जास्त मतं घेऊन. पराभूत बाजूला असा मतपेटीचा रस्ता मोकळा ठेवला, हे मला तरी या सगळ्यात सगळ्यात मोठं वाटतं.

विनोबा मात्र चालतच राहिले, १९६४ पर्यंत. देशभरातून ४० लाख एकरांवर जमीन मिळाली, पण त्यातली बरीच खडकाळ निघाली, बरीच वाटलीच गेली नाही. १५ नोव्हेंबर १९८२ ला पवनारलाच त्यांनी देह ठेवला. तेलंगणात भूदानाच्या जमिनींचे खटले अजूनही कोर्टात चालू आहेत.