दोलकाचा उपासक : ख्रिस्तियान हायगेन्स

झोक्यावर बसलेले मूल एकदा पुढे जाते, एकदा मागे येते. सतारीची तार छेडली की ती थरथरू लागते. या दोन्ही गोष्टींत एक साम्य आहे. वस्तू आपल्या मूळ जागेपासून ढळते, तिकडे परत ओढली जाते, वेगाच्या भरात पलीकडे जाते आणि पुन्हा फिरून येते. ठराविक काळाने पुनःपुन्हा होणाऱ्या अशा हालचालीस दोलन म्हणतात व ती करणाऱ्या वस्तूस दोलक म्हणतात. या साध्या हालचालीतील नियम शोधण्यासाठी ज्याने आयुष्याचा मोठा भाग वेचला, त्या ख्रिस्तियान हायगेन्स या डच शास्त्रज्ञाची ही कथा आहे.

हायगेन्सचा जन्म १४ एप्रिल १६२९ रोजी हॉलंडमधील हेग या नगरात झाला. त्याचे वडील नामांकित कवी व मुत्सद्दी होते. घरी विद्वानांचा राबता असे. लहानपणापासून ख्रिस्तियानला गणिताची गोडी आणि यंत्रे बनविण्याचा छंद होता. लायडेनच्या विद्यापीठात तो कायदा शिकावयास गेला. पण त्याचे मन रमले ते गणितात. पुढे भावाच्या साहाय्याने त्याने काचेची भिंगे घासून उत्तम दुर्बीण तयार केली. तिच्यातून १६५५ साली त्याने शनीचा मोठा उपग्रह शोधून काढला. आज आपण त्यास टायटन म्हणतो.

आकाशाचे निरीक्षण करावयाचे तर वेळ अचूक कळावी लागते. त्या काळची घड्याळे मात्र दिवसाला सुमारे पाव तास चुकत. लंबकाचा झोका लहान असो वा मोठा, त्यास जवळजवळ सारखाच वेळ लागतो, हे इटलीतील गॅलिलिओने पूर्वीच ओळखले होते. वृद्धापकाळी त्याने लंबकाच्या घड्याळाची कल्पनाही केली होती, परंतु ती पूर्णत्वास गेली नाही. १६५६ च्या अखेरीस, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, हायगेन्सने ते कार्य सिद्धीस नेले. लंबकाच्या प्रत्येक झोक्यास घड्याळाचे चाक नेमके एवढेच पुढे सरकावे आणि सरकता सरकता त्याने लंबकास हलकासा रेटा द्यावा, अशी त्याची योजना होती. घड्याळाची चूक आता दिवसाला काही सेकंदांवर आली.

एवढ्याने हायगेन्सचे समाधान झाले नाही. त्याची दृष्टी समुद्राकडे लागली होती. भर समुद्रात आपले जहाज पूर्व-पश्चिम दिशेत नेमके कोठे आहे, हे खलाशांना कळत नसे. वाट चुकून कित्येक जहाजे खडकांवर आपटत व माणसे प्राणांस मुकत. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते. म्हणून निघाल्या बंदराची वेळ दाखविणारे घड्याळ जहाजावर असेल, तर तेथील सूर्याच्या वेळेशी तिची तुलना करून रेखांश काढता येतो. मात्र तेच घड्याळ चार मिनिटे चुकले, तर विषुववृत्ताजवळ जहाजाचे स्थान सुमारे १११ किलोमीटरने चुकते. हायगेन्सने खास जहाजांसाठी लंबकाची घड्याळे बनविली आणि ती समुद्रावर पाठविली.

१६६५ च्या फेब्रुवारीत तो आजारी पडून अंथरुणाला खिळला होता. खोलीत अशी दोन घड्याळे जवळजवळ टांगलेली होती. पडल्या पडल्या त्यास एक नवल दिसले. दोन्ही लंबक अगदी एका तालात झुलत होते. एक डावीकडे गेला की दुसरा त्याच क्षणी उजवीकडे जाई. त्याने मुद्दाम तो ताल मोडला, तरी सुमारे अर्ध्या तासात तो पुन्हा जुळला. प्रथम त्यास वाटले, की हा हवेचा परिणाम असावा. म्हणून त्याने मध्ये फळी उभी करून पाहिली. ताल तसाच राहिला. घड्याळे एकमेकांपासून दूर नेली, तेव्हा मात्र तो तुटला. अखेर कारण उमगले. ज्या आधारावर घड्याळे टांगली होती, तो आधारच लंबकांच्या झोक्यांनी किंचित हालत होता. डोळ्यांस न दिसणारी ती हालचाल एका दोलकाकडून दुसऱ्याकडे पोहोचत होती.

हा शोध त्याच्या आशेच्या आड येणारा होता. इतक्या सूक्ष्म हालचालीने घड्याळाची चाल बदलत असेल, तर लाटांवर हेलकावणाऱ्या जहाजात त्याचा भरवसा कसा धरावा, अशी शंका लंडनच्या रॉयल सोसायटीतील काही विद्वानांनी काढली. परंतु जे दिसले ते हायगेन्सने लपविले नाही. स्वतःहून पत्र लिहून त्यानेच ते कळविले होते.

१६६६ पासून तो पॅरिसच्या विज्ञान अकादमीत काम करू लागला. १६७२ साली फ्रान्सने हॉलंडवर स्वारी केली, तेव्हा मायदेशावर चालून जाणाऱ्या राजाच्या आश्रयाला राहण्याचा कठीण प्रसंग त्याच्यावर आला. तशा काळातही त्याने आपले काम सोडले नाही. १६७३ साली त्याचा ‘होरोलोजियम ऑसिलेटोरियम’ हा प्रसिद्ध लॅटिन ग्रंथ निघाला. या नावाचा अर्थ झुलणारे घड्याळ असा आहे. दोलकास इंग्रजीत ऑसिलेटर म्हणतात. तो शब्दही झोका घेणे या अर्थाच्या त्याच लॅटिन क्रियापदापासून आला आहे. १६७५ साली हायगेन्सने लंबकाऐवजी एक लहान चक्र व त्यास जोडलेली बारीक, वळ्यावळ्यांची कमान वापरून घड्याळ करविले. खिशातील घड्याळे त्यामुळे पूर्वीपेक्षा पुष्कळ अचूक चालू लागली.

प्रकृती ढासळल्याने १६८१ साली तो हेगला परतला. समुद्रावरील चाचण्या पुढेही झाल्या. पण खलाशांनी निर्धास्तपणे विसंबावे असे घड्याळ त्याच्या हयातीत झाले नाही. ८ जुलै १६९५ रोजी त्याचे निधन झाले.

तथापि त्याचे श्रम वाया गेले नाहीत. इंग्लंडच्या जॉन हॅरिसनने बनविलेले घड्याळ १७६१ साली जमेकाच्या सफरीत कसोटीस उतरले. त्यात लंबक नव्हता. चक्र व कमान होती. पुढे दोलक या शब्दाचा अर्थ विस्तारत गेला. मनगटी घड्याळातील क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदास ३२,७६८ वेळा कंप पावतो. रेडिओ केंद्रात विजेचा प्रवाह दोलन करतो आणि त्यातून ध्वनी वाहून नेणाऱ्या लहरी निघतात. आपल्या हृदयात ठराविक तालाने ठोक्याचा इशारा देणाऱ्या पेशी आहेत. त्यांसही जीवशास्त्रज्ञ दोलकच मानतात. एकाच झाडावर बसून एकदम लुकलुकणाऱ्या काजव्यांचा अभ्यास करताना शास्त्रज्ञांना आजही हायगेन्सची ती दोन घड्याळे आठवतात.

१४ जानेवारी २००५ रोजी एक यान टायटनवर उतरले. त्यास हायगेन्सचे नाव दिलेले होते. आपल्या आशेस बाध आणणारे सत्यही ज्याने आजारपणात उशीवरून डोळे उघडे ठेवून पाहिले व जगाला सांगितले, त्याच्या स्मृतीस हा मान शोभून दिसतो.