राजा रविवर्मा : तैलरंगापासून गिरगावच्या छापखान्यापर्यंत

त्रावणकोरमधील किळिमानूर येथे 29 एप्रिल 1848 रोजी जन्मलेले राजा रविवर्मा कोणत्याही कलाशाळेचे विद्यार्थी नव्हते. जलरंगांचे धडे त्यांना राजदरबारातील चित्रकार रामस्वामी नायडू यांच्याकडे मिळाले. तैलरंगांचे तंत्र शिकवायला मात्र कोणी तयार नव्हते. 1868 साली महाराजांचे व्यक्तिचित्र रंगवण्यासाठी आलेल्या थिओडोर जेन्सन या युरोपीय चित्रकाराने शिकवण्याऐवजी काम पाहण्याची तेवढी मुभा दिली. बाकीचे या तरुणाने प्रयोग करीत आत्मसात केले.

तैलरंग सावकाश वाळतो. म्हणून एक छटा दुसरीत हळुवार मिसळता येते. रेशमाची चमक, जरीचा काठ, त्वचेवरचा उजेड यांना त्यातून प्रत्यक्षाचा भास लाभतो. रविवर्मा माणसे समोर बसवून रंगवीत, छायाचित्रांचाही आधार घेत. 1893 च्या ‘देअर कम्स पापा’ या चित्रात पुराणकथा नाही. मुलाला घेऊन उभी असलेली नायर स्त्री घरी येणाऱ्या पतीच्या वाटेकडे पाहते, पायाशी कुत्रा आहे, एवढाच प्रसंग. त्यासाठी त्यांची कन्या महाप्रभा उभी राहिली होती. त्याच वर्षी शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांच्या दहा चित्रांना पदके मिळाली.

देवादिकांनाही त्यांनी हीच दृष्टी लावली. लक्ष्मी, सरस्वती घरातल्या सुवासिनींसारख्या साडी नेसून अवतरल्या. पुढील टीकाकारांना हे नाटकी वाटले. ते अगदीच निराधार नव्हे. पण सामान्य माणसाला देव ओळखीचा वाटला तो याच चित्रांमुळे.

मूळ चित्रे मात्र राजवाड्यांतच अडकून पडत. सर टी. माधवराव यांनी सुचवलेल्या मार्गाने, बंधू सी. राजराजवर्मा यांच्या साथीने, त्यांनी 1894 साली गिरगावात शिळाछापखाना काढला. यंत्रे आणि तंत्रज्ञ जर्मन होते. कॅनव्हासवर एकजीव झालेला रंग येथे पुन्हा वेगळा करावा लागे. प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र दगड. मूळची नजाकत त्यात काहीशी हरवेच. तरीही शकुंतलेच्या जन्मापासून सुरू झालेली ही चित्रे चाळींतल्या भिंतींवर आणि देवघरांत पोचली.

व्यवहार मात्र साधला नाही. 1896 साली मुंबईत प्लेग आला, कर्ज वाढत गेले. छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलला आणि काही वर्षांतच तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. 1905 च्या आरंभी राजराजवर्मा वारले. 2 ऑक्टोबर 1906 रोजी रविवर्माही गेले. मळवलीचा छापखाना 1972 साली आगीत भस्मसात झाला.