दिमित्री मेंडेलीव्ह

दिमित्री इव्हानोविच मेंडेलीव्ह (८ फेब्रुवारी १८३४ – २ फेब्रुवारी १९०७) हे रशियन रसायनशास्त्रज्ञ व अध्यापक होते. मूलद्रव्यांच्या गुणधर्मांतील आवर्तिता ओळखून त्यांनी १८६९ मध्ये आवर्त सारणी मांडली आणि तिच्या आधारे त्या काळी अज्ञात असलेल्या मूलद्रव्यांचे गुणधर्म वर्तविले.

बालपण व शिक्षण

मेंडेलीव्ह यांचा जन्म सायबेरियातील तोबोल्स्क येथे झाला. वडील तेथील शाळेचे प्रमुख होते. मात्र त्याच वर्षी त्यांची दृष्टी गेली. आई मारिया यांनी माहेरच्या मालकीचा काचकारखाना चालवून कुटुंब सांभाळले. १८४७ मध्ये वडिलांचे निधन झाले व पुढील वर्षी कारखाना आगीत भस्मसात झाला. तरीही धाकट्या मुलाच्या शिक्षणासाठी आईने त्याला आधी मॉस्को व नंतर सेंट पीटर्सबर्ग येथे नेले. १८५० मध्ये तेथील अध्यापक प्रशिक्षण संस्थेत त्यांना प्रवेश मिळाला. त्याच वर्षी आईचे निधन झाले. १८८७ मध्ये प्रसिद्ध झालेला द्रावणांवरील ग्रंथ त्यांनी आईच्या स्मृतीस अर्पण केला.

आवर्त सारणी

१८६७ मध्ये मेंडेलीव्ह सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठात प्राध्यापक झाले. विद्यार्थ्यांसाठी रसायनशास्त्राचे पाठ्यपुस्तक लिहिताना, त्या वेळी ज्ञात असलेली ६३ मूलद्रव्ये कोणत्या क्रमाने शिकवावीत, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. मूलद्रव्ये अणुभाराच्या चढत्या क्रमाने मांडली असता ठरावीक अंतराने समान गुणधर्म पुन्हा आढळतात, असे त्यांना दिसले. उदाहरणार्थ, लिथियमपासून कार्बनपर्यंत संयुजा १ पासून ४ पर्यंत वाढते, फ्लोरिनपर्यंत पुन्हा १ वर येते आणि त्यानंतरच्या सोडियमपासून हाच क्रम नव्याने सुरू होतो. लिथियम, सोडियम व पोटॅशियम हे एकाच गणातील धातू पाण्याशी अभिक्रिया करून हायड्रोजन मुक्त करतात. गणात खाली जावे तशी ही अभिक्रिया अधिक तीव्र होते.

अशी वर्गीकरणे न्यूलँड्स व लोथर मायर यांनीही केली होती. परंतु क्रम जुळेना तेथे मेंडेलीव्ह यांनी पुढचे मूलद्रव्य ओढून न आणता जागा रिकामी ठेवली. त्या जागी येणाऱ्या मूलद्रव्यांना त्यांनी एका-बोरॉन, एका-अ‍ॅल्युमिनिअम व एका-सिलिकॉन अशी नावे दिली. यातील ‘एका’ हे पद संस्कृत ‘एक’ या संख्यावाचकावरून घेतलेले असून त्याचा अर्थ ‘एक घर पुढचे’ असा होतो.

भाकितांची कसोटी

एकही भाकीत साफ चुकले असते, तर नियमावरील विश्वासच डळमळला असता. १८७५ मध्ये फ्रान्समध्ये गॅलियम सापडले. शोधकाने त्याची घनता सुमारे ४.७ नोंदविली होती, ती ५.९ च्या आसपास असावयास हवी, असे मेंडेलीव्ह यांनी कळविले. नमुना शुद्ध करून पुन्हा मोजल्यावर घनता ५.९ भरली. १८७९ मध्ये स्कँडियम व १८८६ मध्ये जर्मेनियम सापडले. एका-सिलिकॉनचा अणुभार ७२ असेल व त्याचे क्लोराइड १००° सेल्सिअसच्या किंचित खाली उकळेल, असे त्यांनी वर्तविले होते. जर्मेनियमचा अणुभार सुमारे ७२.३ व क्लोराइडचा उत्कलनांक ८६° आढळला.

मर्यादा

आयोडीनपेक्षा टेल्युरियमचा अणुभार अधिक असूनही गुणधर्म पाहून मेंडेलीव्ह यांनी टेल्युरियम आधी ठेवले. हे स्थान योग्य होते. मात्र टेल्युरियमचा अणुभार चुकीचा मोजला गेला असावा, हे त्यांचे अनुमान खरे ठरले नाही. सारणीचा खरा आधार अणुभार नसून अणुअंक आहे, हे १९१३ मध्ये मोसली यांच्या प्रयोगांतून स्पष्ट झाले. आरगॉनचा शोध लागला तेव्हा ते स्वतंत्र मूलद्रव्य असल्याचे मेंडेलीव्ह यांनी प्रथम मानले नाही. पुढे निष्क्रिय वायूंसाठी सारणीत एक नवा गण जोडला गेला आणि त्यामुळे त्यांचा नियम अधिकच बळकट झाला.

सन्मान

१८८२ मध्ये मेंडेलीव्ह व मायर यांना रॉयल सोसायटीचे डेव्ही पदक संयुक्तपणे देण्यात आले. मेंडेलीव्ह यांना नोबेल पारितोषिक मात्र मिळाले नाही. १९५५ मध्ये तयार करण्यात आलेल्या १०१ अणुअंकाच्या मूलद्रव्यास त्यांच्या स्मरणार्थ मेंडेलेव्हियम हे नाव देण्यात आले.