काटा, तारामासा आणि मेचनिकॉफ



पायात काटा रुतला की ती जागा लाल होते, सुजते, कधी पू धरते. असे का होते, हे शोधणाऱ्या एली मेचनिकॉफ यांचा परिचय आम्ही या अंकात देत आहोत.

त्यांचा जन्म १८४५ साली आजच्या युक्रेनमधील खारकिवजवळ झाला. विद्यापीठाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी दोनच वर्षांत पुरा केला. परंतु १८७३ मध्ये पहिल्या पत्नीचे क्षयाने निधन झाले आणि ते पार खचले. पुढे राजकीय अशांततेमुळे ओडेसाची प्राध्यापकीही सोडावी लागली.

१८८२ साली ते सिसिलीतील मेसिना येथे होते. घरची मंडळी सर्कशीला गेली, हे मात्र सूक्ष्मदर्शकापाशी बसले. तारामाशाच्या पारदर्शक अळीत त्यांनी गुलाबाचे काटे टोचले. सकाळी पाहतात तो काट्याभोवती फिरत्या पेशींचा वेढा पडलेला! आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशीही अशाच जंतूंना गिळतात, असे त्यांनी मांडले.

अनेक विद्वानांनी हे मानले नाही. त्यांच्या मते जंतू मरतात ते रक्तद्रवामुळे. मेचनिकॉफ डगमगले नाहीत. १८८८ पासून पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी पुराव्यामागून पुरावे जमवले. १९०८ चे नोबेल त्यांना आणि विरुद्ध पक्षाचे पॉल एर्लिक यांना विभागून मिळाले. दोन्ही बाजूंत तथ्य होते! १९१६ साली पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. मुंबईत प्लेगची लस तयार करणारे हाफकिन हे त्यांचेच विद्यार्थी.

या पेशी घडवतो कोण, हा प्रश्न मात्र उरला होता. १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियात ब्रॅडली व मेटकाफ यांनी अस्थिमज्जेतील पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या. इतर पेशींकडून विशिष्ट घटक मिळाला तरच त्या वाढत. पुढे असे अनेक वृद्धी-घटक सापडले. एकामुळे जंतू गिळणाऱ्या मोठ्या पेशी तयार होतात व जगतात. दुसऱ्यामुळे मज्जेतून लहान पेशींची कुमक रक्तात येते. जशी गरज, तशी भरती! कर्करोगाच्या औषधांनी पांढऱ्या पेशी घटल्या की साध्या जंतूनेही रोग्याच्या जिवावर बेतते. अशा वेळी हा दुसरा घटक १९९१ पासून इंजेक्शनने देता येऊ लागला.

दुःख, नोकरी जाणे, विद्वानांचा विरोध, सारे सोसूनही मेचनिकॉफ यांनी निरीक्षण सोडले नाही. आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेतही सूक्ष्मदर्शक आहे. त्यावर धूळ बसू नये, एवढीच आमची अपेक्षा.