विरहाला वृत्त देणारा कवी : कै. माधव जूलियन

आपल्या उपनगरांत, अंधेरी-बोरिवलीस वा मुलुंड-घाटकोपरास, सायंकाळी एखाद्या घरी मोजके रसिक जमतात, ध्वनिवर्धकावाचून कोणी विरहाची गझल आळवितो आणि ऐकणारे स्तब्ध होतात. मराठीत अशा बैठकीची वाट ज्यांनी मोकळी केली, त्यांत कै. माधव त्र्यंबक पटवर्धन ऊर्फ माधव जूलियन यांचे स्थान अग्रभागी आहे.

त्यांचा जन्म २१ जानेवारी १८९४ रोजी बडोदे येथे झाला. इंग्रजी व फार्सी वाङ्मयाचा व्यासंग करून ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात फार्सीचे अध्यापक झाले. १९२३ साली यशवंत, गिरीश, घाटे, रानडे दांपत्य आदी स्नेह्यांसह त्यांचे रविकिरण मंडळ उदयास आले. चहाच्या बैठकीत एकमेकांच्या कविता पारखाव्यात आणि रसिकांपुढे त्या गाऊन दाखवाव्यात, असा या मंडळींचा परिपाठ होता. वाद्यांचा थाट नसे. वृत्ताची चाल आणि गाणाऱ्याचा गळा एवढीच सामग्री पुरे होई.

परंतु विरह हा त्यांच्या लेखी केवळ काव्यविषय नव्हता. एका विद्यार्थिनीविषयीच्या स्नेहावरून लोकापवाद उठला आणि त्यांना ते महाविद्यालय सोडावे लागले. प्रतिष्ठा व उपजीविका दोन्ही पणास लागली असता १९२६ साली त्यांचे 'विरहतरंग' हे असफल प्रेमाचे खंडकाव्य प्रसिद्ध झाले. १९३३ साली 'गज्जलांजलि' आली. फार्सी गझलेची रचना त्यांनी मराठीत रुजविली. पहिल्या द्विपदीच्या दोन्ही चरणांत आणि पुढे प्रत्येक द्विपदीच्या शेवटी तेच यमक परतते. विसरू पाहिलेले दुःखही असेच फिरून दाराशी येते.

या भावविवश कवीच्या ठायी कठोर शास्त्रज्ञही वसत होता. 'छंदोरचना' या त्यांच्या ग्रंथास मुंबई विद्यापीठाने १९३८ साली डी. लिट्. ही पदवी देऊन गौरविले. तत्पूर्वी, १९३६ साली, जळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले होते. फार्सी-मराठी कोश रचणारा हा पंडित उत्तरायुष्यात भाषाशुद्धीचा कैवारी झाला. ज्या फार्सी शब्दांनी त्यांच्या प्रेमगीतांना रंग चढला होता, तेच त्यांनी निग्रहाने दूर सारले. हा त्याग उचित होता की नाही, याविषयी रसिकांत मतभेद आहेत. त्यामागील प्रामाणिकपणाविषयी मात्र संशय घेता येत नाही.

कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातील अध्यापन व लीलाबाईंसमवेतचा अकरा वर्षांचा संसार यांनी त्यांना स्थैर्य दिले. २९ नोव्हेंबर १९३९ रोजी, अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी, पुण्यास त्यांचे देहावसान झाले. पुढे सुरेश भटांनी गझल घरोघर नेली. दुःख लपवू नये, परंतु ते मोकाटही सोडू नये. त्याला मात्रांचे बंधन घालावे, म्हणजे ते चारचौघांत आदराने ऐकले जाते, हा या कवीच्या जीवनाचा बोध तरुणांनी अवश्य घ्यावा.