बिअर कंपनीत काम केलेल्या केमिस्टनं फिश टँकचं गणित सोडवलं, ते गोगलगायी सोडून

उन्हाळा आला की नाशिकमध्ये गोदावरी कुठं कुठं पाणवेलींनी झाकून जाते. त्याच नाशिकमधल्या एखाद्या फ्लॅटमध्ये हौसेनं झाडं लावलेला फिश टँकही हिरवागार होतो. दोन्हीकडचं कारण जवळपास एकच. पाण्यात साचलेलं खत आणि वरून ऊन. मग टँकवाला काय करतो? सगळं पाणी ओततो, वाळू नळाखाली खसाखसा धुतो, टँक पुन्हा भरतो. महिन्याभरात शेवाळ परत हजर.

या भानगडीत पावणेदोनशे वर्षांपूर्वी लंडनचा एक माणूस पडला होता. रॉबर्ट वॉरिंग्टन त्याचं नाव.

जन्म १८०७ चा, इंग्लंडमधल्या शीअरनेसचा. आधी एका केमिस्टच्या हाताखाली उमेदवारी, मग लंडन युनिव्हर्सिटीत असिस्टंट. १८३१ पासून काही वर्षं त्यानं ट्रुमन, हॅनबरी अँड बक्स्टन या बिअर कंपनीत काढली. १८४१ मध्ये केमिस्ट मंडळींना गोळा करून केमिकल सोसायटी ऑफ लंडन उभी करण्यात त्याचाच पुढाकार होता. पुढच्याच वर्षी तो अपोथेकरीज हॉलमध्ये, म्हणजे औषधवाल्यांच्या संस्थेत, कामाला लागला. बाजारातल्या चहात काय काय भेसळ असते हेही त्यानं तपासलं. थोडक्यात, माशांशी त्याच्या पोटापाण्याचा काही संबंध नव्हता.

तेव्हा गोल्डफिश बाऊलमध्ये ठेवायचे आणि पाणी सारखं बदलत राहायचं, एवढंच लोकांना ठाऊक. वॉरिंग्टनला प्रश्न पडला की पाणी न बदलता मासा जगेल का? झाडं ऑक्सिजन सोडतात हे कळून बरीच वर्षं झाली होती. मग १८४९ मध्ये त्यानं बारा गॅलनचं, म्हणजे साधारण ५५ लिटरचं काचेचं भांडं घेतलं. त्यात झऱ्याचं पाणी, तळाला वाळू आणि चिखल, माशांना आडोशाला दगड, दोन छोटे गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरियाचं रोप. आज कुठल्याही ॲक्वेरियमच्या दुकानात मिळणारी गवतासारखी लांब पानांची वनस्पती ती हीच.

सुरुवातीला सगळं झकास. मग जुनी पानं पिवळी पडून कुजायला लागली. पाणी गढूळ झालं, काचेवर हिरवा बुळबुळीत थर चढला.

इथं माणूस वैतागून पाणी ओतून मोकळा होतो. वॉरिंग्टननं तळ्याकडे पाहिलं. तळ्यातली कुजकी पानं कोण साफ करतं? गोगलगायी. त्यानं लिम्निया जातीच्या पाच-सहा गोगलगायी भांड्यात सोडल्या. त्यांनी सडकी पानं आणि बुळबुळ फस्त केली, पाणी निवळलं. वर त्यांची अंडी माशांना खायला झाली! १८५० च्या मार्चमध्ये त्यानं हे सगळं केमिकल सोसायटीपुढे मांडलं. तीन वर्षांनी लंडनच्या झूमध्ये लोकांसाठी मत्स्यालय उघडलं. आपलं मुंबईचं तारापोरवाला यायला मात्र १९५१ साल उजाडलं.

बाजूनं येणारा उजेड शेवाळ वाढवतो हेही त्याच्या लक्षात आलं, आणि त्यानं प्रकाश वरूनच येईल अशी तिरक्या पाठीची टाकी वापरली. आज खिडकीपासून टँक लांब ठेवा, लाइट सहा ते आठ तासच लावा, असं सांगतात, त्यामागचं कारण हेच.

आता तुम्ही म्हणाल, मग गोगलगायी आणल्या की झालं. तसं नाही. गोगलगाय शेवाळ खाते आणि त्याच पाण्यात विष्ठा टाकते. खत टाकीतच राहतं. वॉरिंग्टनचा हिशोब मुख्यतः ऑक्सिजनचा होता, नायट्रोजनचा कोडा त्याच्यानं सुटला नव्हता.

तो सोडवण्यात पुढे त्याच्याच मुलाचा हात लागला. मुलाचं नावही रॉबर्टच. वडिलांनी प्रयोग मांडला तेव्हा पोरगं दहा-अकरा वर्षांचं. मोठेपणी तो रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात गेला. अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट होतं, आणि या दोन पायऱ्या दोन वेगवेगळे सूक्ष्मजीव पार पाडतात, हे त्यानं मातीच्या अभ्यासातून दाखवलं.

अशीच कामं करणारे जीव टँकच्या वाळूत आणि फिल्टरच्या स्पंजमध्ये राहतात. म्हणून नळाच्या क्लोरीनच्या पाण्यात सगळं धुतलं की तेही मरतात, आणि माशांना त्रासदायक अमोनिया साठतो. त्यापेक्षा आठवड्याला पाव ते तृतीयांश पाणी बदला आणि झाडं भरपूर लावा. उरलेलं नायट्रेट झाडांनी खाल्लं तर शेवाळाच्या वाट्याला कमी येतं.

थोरला वॉरिंग्टन १८६७ मध्ये वारला. मुलाचं हे काम त्यानं पाहिलं नाही, नातीचं तर नाहीच. कॅथरीन वॉरिंग्टन हीसुद्धा रोथॅमस्टेडमध्येच होती. झाडांना बोरॉन अगदी चिमूटभर, पण लागतंच, हे तिनं १९२३ मध्ये घेवड्याच्या जातीच्या रोपांवर दाखवून दिलं. टँकच्या झाडांसाठी सूक्ष्म अन्नद्रव्यांची बाटली आणाल तेव्हा लेबल वाचा, बोरॉन सहसा सापडेल. हार्पेंडनमध्ये २०१९ साली तिच्या नावानं शाळाही सुरू झाली आहे.